अडलेल्या शब्दांखाली

नाशिक रोड
२२ एप्रिल २०२५

चि. अंजली,
सप्रेम जय भीम.

तू म्हणालीस, "दाजी, फोनवर तुम्ही 'बरं'च्या पुढे जात नाही, आणि इथे टेकडीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही. काय झालं ते लिहून पाठवा." म्हणून लिहितो आहे. ओझरच्या विमान कारखान्यात छत्तीस वर्षांत जे लिहिलं ते तपासणीच्या अहवालात, चार ओळींत. लांब पत्राची सवय नाही. चुकलं तर समजून घे.

तुझ्या ताईच्या पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम परवा रविवारी झाला. वसतिगृहातल्या मुलींना कांजिण्या निघाल्या म्हणून तू येऊ शकली नाहीस, हे मी सगळ्यांना सांगितलं. वंदना झाली. भन्तेजी थोडंच बोलले. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उभा राहिलो आणि परत बसलो.

आता पुस्तकांचं. तू सुचवल्याप्रमाणे पायलने पत्रिकेत छापलं होतं की हार, फुलं, साडी आणू नये, घरात वाचून झालेलं एक पुस्तक आणावं, ती सुरगाण्याकडच्या मुलींच्या शाळेला दिली जातील. तुझं रिकामं कपाट भरायला पंचवीस-तीस तरी मिळतील, असा माझा अंदाज होता. दाराशी एक टेबल मांडलं होतं.

अंजली, टेबल अर्ध्या तासात भरलं. मग खाली सतरंजी टाकली, तीही भरली. घोटीहून तुमच्या माहेरची माणसं आली, त्यांनी तांदळाच्या रिकाम्या पोत्यात भरून आणली. शिलाईवाला आला, त्याच्या हातात चार. वीज कंपनीतले निवृत्त साहेब रिक्षा करून आले. रिक्षात ते पुढे ड्रायव्हरजवळ आणि मागच्या सीटवर पुस्तकं. मी म्हटलं, "एकच सांगितलं होतं." ते म्हणाले, "एक कोणतं आणायचं ते ठरेना."

समोरच्या बिल्डिंगमधल्या बायडाबाईंनी एक जाड पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "घ्या भाऊ. तुमच्या घरची वाट त्याला ठावं हाय." मला वाटलं, बोलायची पद्धत.

सगळी पुस्तकं आता पुढच्या खोलीत आहेत. दिवाणावर, दिवाणाखाली, टीव्हीपुढे. पायल पुण्याला परत जाताना म्हणाली, "पप्पा, हे घर आहे की गोडाऊन?" मी मोजायला बसलो. मोजता मोजता एखादं उघडून बघायचो आणि आकडा विसरायचो. दोनदा असं झालं. चारशेच्या वर आहेत एवढं नक्की. स्वयंपाकाची आहेत, आजारांची आहेत, राजांची, भुतांची, मधमाश्या पाळण्याची. एकात समुद्राच्या तळाची चित्रं आहेत. कारखान्यात माझं काम असं होतं की हा भाग त्या भागासारखा हुबेहूब आहे का ते बघायचं. नसेल तर बाजूला काढायचा. इथे एक दुसऱ्यासारखं नाही. मी नुसता बघत बसतो. सकाळी चहा निवला.

सुरगाण्याची जीप चालवणारा हिरामण दिंडोरी नाक्यावर भेटतो, त्याच्या हाती हे पत्र देतो.

तुझे दाजी
प्रफुल्ल

—

सुरगाणा
२७ एप्रिल २०२५

ती. दाजी,
जय भीम.

तुमचं पत्र मी टेकडीवर नेऊन वाचलं. रेंजची गरज नव्हती, पण घरात वाचवेना.

दाजी, चारशे! आमच्या मुलींना सांगितलं तर एक म्हणाली, "बाई, कपाट फाटंल नाय का?" आमचं कपाट दीड वर्षापूर्वी आलं, पुस्तकं काही आली नाहीत. मुलींनी त्यात झाडू ठेवले होते. आता झाडू बाहेर आले आहेत. चारी फळ्या पुसून झाल्या. काचेवर कोणीतरी बोटाने मोर काढला आहे, तो मी राहू दिला.

कांजिण्या बऱ्या आहेत. १ मेपासून सुट्टी, मुली पाड्यांवर जातील. १६ जूनला शाळा उघडते. त्याआधी पुस्तकं आली तर पहिल्याच दिवशी वाटता येतील. हिरामण म्हणतो, चार फेऱ्यांत नेतो, छपरावर नाही, आत ठेवून. तुम्हीही या ना एकदा. तीस वर्षं मी इथे आहे आणि तुम्ही एकदाही आला नाहीत. "सुट्टी नाही" हे कारण आता चालणार नाही.

ताई असती तर तिने त्या ढिगाला तीन फेऱ्या घातल्या असत्या. बायडाबाईंच्या बोलण्याचा अर्थ तुम्हाला लागला असेलच. नसेल तर सवडीने विचारा त्यांना.

जेवणाचं काय करता ते लिहिलं नाहीत.

तुमची
अंजली

—

नाशिक रोड
८ मे २०२५

चि. अंजली,
सप्रेम जय भीम.

उत्तराला उशीर झाला. पुस्तकं अजून निघालेली नाहीत. मजबूत खोकी मिळत नाहीत, आणि पातळ खोक्यात माल पाठवणं मला पटत नाही. शिवाय काम चालू आहे.

काम असं. मी एकेक पुस्तक घेतो, धूळ झटकतो, कोपरे सरळ करतो, सुटलेलं पान डिंकाने लावतो, ब्राऊन पेपरचं कव्हर घालतो. दिवसाला बारा होतात. घाई केली तर पंधरा, पण घाई करावीशी वाटत नाही. सकाळी सातला सुरू करतो, जसा कारखान्यात करायचो. परवा दुपारी पोटात कळ आली तेव्हा लक्षात आलं की जेवायचं राहिलं आहे. वर्षभरात मला भूक अशी लागली नव्हती. शेजारचा डबा येतो, काळजी करू नकोस.

पुस्तकांतून काय काय निघतं! वणीच्या एसटीचं तिकीट निघालं. मोरपीस. एका लग्नपत्रिकेचा अर्धा तुकडा. घोटीच्या पुस्तकांत तांदळाचे दाणे. एका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर कोणीतरी दर वाढदिवसाला मुलीची उंची लिहिली आहे, पाचव्यापासून चौदाव्यापर्यंत. ज्यांनी ही पुस्तकं दिली त्यांतल्या कित्येकांना मी ओळखतही नाही. एवढी वर्षं मी या कॉलनीत राहतो. सकाळी कंपनीच्या बसने गेलो, संध्याकाळी आलो. या घरांमध्ये हे सगळं होतं, हे मला माहीत नव्हतं.

नावं, तारखा मी तशाच ठेवल्या. एक गोष्ट मात्र साफ केली. सगळी आधी चाळून बघितली, तर नव्वदेक पुस्तकांत शब्दांखाली पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. काहींत एका पानावर वीस-वीस. गंमत म्हणजे वेगवेगळ्या घरांतून आलेल्या पुस्तकांत ठिपके एकसारखे. बहुतेक ती सगळ्यांनी एकाच रद्दीवाल्याकडून घेतली असावीत आणि आधीच्या मालकाला ती खोड असावी. आमच्याकडे नियम होता, तपासणीतून माल बाहेर जाताना त्यावर कोणाच्या हाताची खूण नको. मुलींना स्वच्छ पुस्तक मिळावं म्हणून मी पांढरा मऊ खोडरबर आणला आणि बसून सगळे ठिपके काढले. चौदा खोडरबर संपले. पान फाटू दिलं नाही. आता तीनच पुस्तकं राहिली आहेत. तू बघशील तर तुला ठिपका होता हे ओळखू येणार नाही.

हे काम चांगलं झालं आहे, असं मला वाटतं.

तुझे दाजी

—

सुरगाणा
१२ मे २०२५

ती. दाजी,

हे पत्र हातात पडेल तेव्हा खोडरबर जिथे असेल तिथे ठेवून द्या. ती तीन पुस्तकं तशीच राहू द्या.

ते ठिपके ताईचे आहेत.

कसं लिहू कळत नाही. चूक माझी आहे. मागच्या पत्रातच सरळ लिहायला हवं होतं. मला वाटलं, बायडाबाई सांगतील आणि तुम्हाला बरं वाटेल.

तुम्हाला माहीत आहे, ताईने दुसरीतून शाळा सोडली ती माझ्यामुळे. आई भाताच्या आवणीला जायची, मला कडेवर घ्यायला कोणीतरी हवं होतं. तिला सही येत होती, अक्षरं थोडी ओळखता येत होती, बस. मी डी.एड.ला तुमच्याकडे राहायला आले, तेव्हा तुमची दुसरी पाळी असायची. तुम्ही गेलात की पायलला झोपवून ताई माझ्यासमोर बसायची. म्हणायची, "तुला मी चालायला शिकवलं, आता तू मला वाचायला शिकव." ती प्रत्येक अवघड शब्दाशी अडून बसायची, रडकुंडीला यायची. मग मीच सांगितलं, "ताई, अडलेल्या शब्दाखाली ठिपका दे आणि पुढे जा. वाक्य संपव. शब्द मागाहून विचार." तेवढं तिने धरून ठेवलं. मी इकडे नोकरीला लागले तरी ती शब्द किराणाच्या यादीमागे लिहून ठेवायची आणि दिवाळीला मी आले की स्वयंपाकघरात विचारायची. शेवटी शेवटी विचारण्यासारखं काही राहत नसे.

दर शुक्रवारी बचत गटाच्या कामाला ती घरोघर जायची ना पिशवी घेऊन? त्या पिशवीत पुस्तक असायचं. एक परत करायचं, दुसरं घ्यायचं. अठ्ठावीस वर्षं.

तुम्हाला का नाही सांगितलं, असं मनात येईल. तुमच्या लग्नाच्या वर्षी नाशिकच्या सीबीएस स्टँडवर तिने एसटीची पाटी एकेक अक्षर लावत वाचली. तुमच्याबरोबर कारखान्यातले दोन मित्र होते. तुम्ही हसलात आणि पाटी भरकन वाचून दाखवलीत. बाकी काही नाही. पण ती मला म्हणाली होती, "त्यांच्यासमोर अडखळत वाचायचं नाही. नीट यायला लागलं की एक दिवस वाचून दाखवीन." तो दिवस ती पुढे ढकलत राहिली. तुमच्यावर राग नव्हता, दाजी. खरंच नव्हता.

तुम्ही चांगल्या मनाने केलंत. मला माहीत आहे.

अंजली

—

सुरगाणा
२७ मे २०२५

ती. दाजी,

पंधरा दिवस झाले. हिरामण दोनदा नाक्यावर तुमची वाट बघून आला. टेकडीवर जाऊन मी चार वेळा फोन लावला, उचलला नाहीत. पायल म्हणते, "पप्पा माझ्याशी बोलतात, पण नुसतं 'बरं' म्हणतात."

पुस्तकांचा विचार सोडा. शाळा उघडेल, मुली कपाटात झाडू ठेवतील, काही बिघडत नाही. तुम्ही ती ठेवून घेतलीत तरी मी कोणाला काही बोलणार नाही, मुलींनाही नाही. मी त्यांना समजावीन.

फक्त जेवताय एवढं कळवा. एका ओळीचं पत्र चालेल.

अंजली

—

नाशिक रोड
८ जून २०२५

चि. अंजली,
सप्रेम जय भीम.

जेवतो आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी पुढच्या खोलीत गेलो नाही. मागच्या दाराने ये-जा केली. सीबीएसवरची गोष्ट मला आठवते. तू लिहिलीस त्यापेक्षा जास्त आठवते. पाटी सटाण्याची होती. त्या दिवसानंतर कुठेही पाटी आली की ती म्हणायची, "तुम्ही आहात ना वाचायला." मी ते आयुष्यभर कौतुक समजत आलो.

मग एक दिवस बायडाबाई डबा घेऊन आल्या. मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "अवो भाऊ, आमाला वाटलं तुमाला ठावं हाय! म्हनून तर ज्यानं त्यानं तुमच्या लताबाईनं नेलेलं एक तरी पुस्तक आणलं. शिलाईवाल्याला तर तिनं सांगून ठेवलं व्हतं, ह्ये वाचल्याबिगर मरू नकोस." मग हसल्या आणि म्हणाल्या, "लय लबाड व्हती. पुस्तक आधी वाचायची आन शेवट इचारला तर सांगायची नाय. म्हनायची, बायडा, तू वाच." नंतर त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि मला रागावल्या की डबा गार होतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीचं दार उघडलं. आपली पुढची खोली पूर्वेला आहे. ऊन खिडकीतून अगदी खालून, आडवं येतं. न पुसलेल्या तीनांतलं एक पुस्तक मी उघडलं. ठिपके बघितले. पेन्सिल दाबून दिलेले, मागच्या पानावर उठतील इतके. तेव्हा माझ्या मनात कारखान्यातली गोष्ट आली. गुळगुळीत पत्र्यावरचा ओरखडा शोधायचा तर उजेड वरून टाकून दिसत नाही. उजेड बाजूने टाकायचा, जवळजवळ पत्र्याला टेकवून. मग केसाएवढा ओरखडाही सावली पाडतो. हे मी कितीतरी नव्या पोरांना शिकवलं आहे.

पुसलेल्यांतलं एक घेतलं. पान उन्हात आडवं धरलं.

अंजली, सगळे तिथे आहेत. शिसं गेलं, पण खड्डा राहिला. प्रत्येक खड्ड्यात सुईच्या टोकाएवढी सावली. सरळ धरलं की पान कोरं. जरा तिरपं केलं की ठिपके वर येतात, एकदम सगळे. मी किती वेळ तसा उभा होतो सांगता येत नाही. ऊन सरकलं की दिसायचे बंद होतात, मग दुसऱ्या दिवसाची वाट बघायची. म्हणून इतके दिवस लागले. ऊन तासभरच असं येतं. ढग आले त्या दिवशी काहीच झालं नाही.

पुस्तकांवर मालकांनी घेतल्याच्या तारखा आहेत. त्यावरून मी ती साधारण वर्षवार लावली. पहिली मुलांच्या गोष्टींची आहेत, त्यांत ओळीओळीला ठिपका. मग थोडे कमी, मग आणखी कमी. एका जाड कादंबरीत पाचशे पानांत तीन. हे कोणी माझ्यासमोर केलं असतं तर मी रोज थोडं थोडं पाहिलं असतं आणि मला काही वाटलं नसतं. मी अठ्ठावीस वर्षं एका आठवड्यात पाहिली.

ठिपक्यांवरचे शब्द मी वहीत उतरवले. त्यातले सात मलाही येत नाहीत. 'अनाहूत' म्हणजे काय? 'विषण्ण' म्हणजे दुःखी एवढंच, की आणखी काही? तिने तुला विचारले असतील. तू काय सांगितलंस ते मला लिही.

एक पुस्तक वेगळं निघालं. विमान कसं उडतं ते मुलांना समजावणारं, चित्रांचं. ते तिने बरंच उशिरा वाचलेलं आहे, तेव्हा ती चांगली वाचत होती. तरी त्यात पानोपानी ठिपके. पंख, दाब, उचल, पंखाचा मागचा हलता भाग, सगळ्यांखाली. काही शब्दांखाली दोन-दोन, म्हणजे पुन्हा वाचलं असणार. ती मला अधूनमधून विचारायची, "तुम्ही तिथे नेमकं काय करता?" मी म्हणायचो, "तपासतो." तेवढंच. पंखाच्या त्या हलत्या भागाच्या बिजागऱ्या मी अकरा वर्षं तपासल्या. तिने विचारलं असतं तर मी ताट उपडं करून पाच मिनिटांत समजावलं असतं. खरं तर तिने विचारलंच होतं.

आता तुला एक कबूल करतो. खोकी मिळत होती. स्टेशनजवळच्या दुकानात हवी तेवढी मिळत होती. मला पुस्तकं द्यायची नव्हती. आधी का ते मला कळत नव्हतं, आणि ठिपके कोणाचे ते कळल्यावर तर त्या नव्वदांना मी कोणाला हात लावू देणार नव्हतो. गोदरेजच्या कपाटात त्यांची जागाही केली होती, तिच्या साड्यांच्या खणात. रचून झाली आणि मी दार लावायला गेलो.

मग मनात आलं, या घरात इतकी वर्षं इतकी पुस्तकं आली आणि तिच्यामागे एकही सापडलं नाही. म्हणून तर मला पत्ता लागला नाही. तिने प्रत्येक पुस्तक परत केलं. एक ठेवून घेतलं नाही.

मी ती सगळी पुन्हा बाहेर काढली.

उद्यापासून हिरामण नेईल. जाड खोकी घेतली आहेत, आत पेपर दाबून भरला आहे, कोपरे दुमडणार नाहीत. ठिपक्यांची पुस्तकं वेगळी बांधलेली नाहीत, इतरांत मिसळून टाकली आहेत. मुलींना काही सांगू नकोस. विमानाचं पुस्तक ज्या मुलीला अडेल तिचे प्रश्न मला लिहून पाठव. त्याची उत्तरं मला येतात.

एक पुस्तक मात्र मागे ठेवलं आहे. ते बायडाबाईंनी दिलेलं जाड. मी अभ्यासाखेरीज कधी पुस्तक वाचलेलं नाही, त्यामुळे वेग कमी आहे. चौऱ्याऐंशीव्या पानावर आहे. त्यातला माणूस भावाशी भांडून घर सोडून निघाला आहे, सोबत फक्त म्हैस घेतली आहे, आणि तो आता कुठे जाणार हे मला काही केल्या सुचत नाही. बायडाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "सांगनार नाय."

हे पुस्तक तुझ्या रजिस्टरमध्ये माझ्या नावावर लिहून घे. किती दिवसांनी परत करायचं असतं तेही कळव. संपलं की मी हिरामणच्या जीपने स्वतः घेऊन येईन आणि दुसरं घेऊन जाईन.

तुझे दाजी
प्रफुल्ल